उचलणारे हात, न बांधलेले उतार

सांगलीहून मुंबईला जाण्याचे निमित्त वैद्यकीय होते. हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. 1955 पासून चालत आलेल्या या संस्थेत मला नव्या व्हीलचेअरसाठी मापे द्यायची होती. अगदी लहानपणी झालेल्या पोलिओने माझे दोन्ही पाय अधू झाले. चाळिशीपर्यंत मी कॅलिपर लावून आणि कुबड्या घेऊन चालत असे. पुढे खांदे साथ देईनात, तेव्हा मी खुर्ची स्वीकारली. सोबत भाची होती. ती सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सार्वजनिक इमारतींचे प्रवेशमार्ग हाच विषय तिने प्रकल्पासाठी घेतला आहे, त्यामुळे तिच्या पिशवीत पाच मीटरची टेप कायम असते. तपासणीचे काम उरकून उरलेला आठवडा मुंबई पाहायची आणि शेवटी एक नाटक बघायचे, असे आम्ही ठरवले होते. रोज रात्री लिहिलेली ही टिपणे आहेत.

सोमवार

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. डब्यातून फलाटावर येताना दोन हमाल आणि एक सहप्रवासी लागले, परंतु त्यानंतर थेट रस्त्यापर्यंत कोणाच्याही मदतीची गरज पडली नाही. 1888 साली पूर्ण झालेली, 2004 पासून जागतिक वारसा म्हणून नोंदलेली ही इमारत खुर्चीवरच्या माणसाला एवढी सोयीची कशी, असा प्रश्न भाचीने विचारला. उत्तर साधे आहे. येथे रूळ संपतात. गाड्या जिथे थांबतात तिथून पुढे सपाट मोकळी जागा आहे आणि सगळे फलाट तिला येऊन मिळतात, त्यामुळे रूळ ओलांडण्यासाठी पूल चढावा लागत नाही. चर्चगेटलाही तसेच आहे. मधल्या स्थानकांवर मात्र फलाट बदलायचा म्हणजे पादचारी पूल आलाच, आणि पूल म्हणजे जिना. लिफ्ट अलीकडच्या काळात जोडल्या गेल्या. म्हणजे ज्या रेल्वेने मला टर्मिनसवर स्वतंत्रपणे वावरू दिले, तिच्याच पुढच्या एखाद्या स्थानकावर मी परावलंबी होते, आणि या दोन स्थानकांच्या दरम्यान माझ्या पायांत काहीही बदललेले नसते. पुढचे दिवस हा विचार माझ्याबरोबर राहिला.

टॅक्सीचा अनुभव वेगळा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, तेव्हा घडी केलेली खुर्चीही तिथे मावत नाही. टपावर कॅरिअर असलेली टॅक्सी शोधावी लागली. चालकाने खुर्ची दोरीने इतकी व्यवस्थित बांधली की वाटेत ती जरासुद्धा हलली नाही, आणि वर जास्तीचे पैसे घ्यायला त्याने साफ नकार दिला.

आम्ही दादरला मामेबहिणीकडे उतरलो. तिची इमारत जुनी आहे. लिफ्ट नंतर बसवलेली असून ती तळमजल्याच्या चौथऱ्यावरून सुरू होते, आणि त्या चौथऱ्यापर्यंत पाच पायऱ्या आहेत. मुंबईत अशा इमारती असंख्य आहेत, जिथे लिफ्ट आहे पण लिफ्टपर्यंतचा रस्ता नाही. रखवालदार, समोरचा किराणा दुकानदार, त्याचा पोऱ्या आणि भाची अशा चौघांनी मला खुर्चीसकट वर घेतले. भाचीने लगेच पायरी मोजली, ती 16 सेंटिमीटर भरली. पाचांची उंची 80 सेंटिमीटर. व्हीलचेअरसाठी उतार करायचा तर एकास बारा हे प्रमाण धरतात, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटर उंचीसाठी बारा सेंटिमीटर लांबी. त्या हिशेबाने 9.6 मीटर लांबीचा रॅम्प हवा. तो मध्ये वळवून दोन तुकड्यांत बसवला तर आवारातल्या दोन स्कूटरींची जागा जाईल, असे ती म्हणाली.

बहिणीने हा विषय पूर्वी सोसायटीच्या सभेत काढला होता. "ताई, सगळ्यांनी ऐकून घेतलं, पण शेवटी एकच प्रश्न आला, एका पाहुणीसाठी एवढा खर्च कशाला?" असे तिने सांगितले. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटायला आल्या. गुडघ्यांमुळे त्या गेल्या दिवाळीपासून इमारतीबाहेर पडलेल्या नाहीत. लिफ्टने त्या चौथऱ्यापर्यंत येतात, पाच पायऱ्यांकडे पाहतात आणि परत वर जातात. दुसऱ्या मजल्यावर बाळंत होऊन आलेली मुलगी बाबागाडी घडी करून एका हातात आणि बाळ दुसऱ्या हातात घेऊन उतरते. यांपैकी कोणाचेही नाव त्या सभेत निघाले नाही, कारण आजींचा त्रास वयाचा मानला जातो, बाळंतिणीचा काही महिन्यांचा, आणि माझा मात्र माझ्या एकटीचा. पायऱ्या त्याच असूनही प्रत्येकीची अडचण वेगवेगळ्या खात्यावर टाकली की पायऱ्या निर्दोष ठरतात.

मंगळवार

संस्थेतले काम सकाळभर चालले. मांडीची लांबी, पाठीची उंची, कंबरेची रुंदी, कोपर बसल्यावर कुठे येतो, अशी मापे घेतली गेली. माझी सध्याची खुर्ची बाहेरून बाहेर 66 सेंटिमीटर रुंद आहे. थोडी अरुंद खुर्ची मला पुरेल, असे तपासणाऱ्या बाईंनी सांगितले. त्यांनी प्रत्येक प्रश्न मला विचारला, भाचीला नाही. ही गोष्ट लिहून ठेवण्याजोगी वाटावी, यावरून बाहेरची रीत काय आहे ते समजावे.

बाकावर बसलेल्या लोकांच्या हातांत अपंगत्वाची टक्केवारी सांगणारी प्रमाणपत्रे होती. माझ्याही कार्डावर 75 टक्के असा आकडा आहे. 40 टक्क्यांची रेषा ओलांडली तर सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणासह बऱ्याच सवलतींचा दरवाजा उघडतो, त्यामुळे त्या आकड्याला महत्त्व आहे आणि तो नीट काढणाऱ्या डॉक्टरांच्या कामाविषयी मला आदर आहे. परंतु तो आकडा माझ्या शरीराचा आहे. दादरच्या त्या इमारतीला किती टक्के द्यायचे, हे कोणतेही मंडळ ठरवत नाही.

हा विचार माझा एकटीचा नाही आणि नवाही नाही. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांच्या एका संघटनेने 1976 मध्ये स्पष्टपणे मांडले की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आहे आणि समाजाने त्या उणिवेवर लादलेली वंचना ही दुसरी. पुढे 1983 मध्ये माइक ऑलिव्हर या अभ्यासकाने या भूमिकेला सामाजिक प्रारूप असे नाव दिले. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रसंघाचा 2006 चा करार याच पायावर उभा आहे आणि भारताने तो 2007 मध्ये मान्य केला. आपला 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमसुद्धा व्याख्येतच सांगतो की दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे यांची गाठ पडते तेव्हा माणसाचा समाजातला सहभाग खुंटतो. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात ते एकवीस झाले, याची चर्चा खूप होते. व्याख्येत आलेल्या "अडथळे" या शब्दाची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे खांदे दुखतात ते कोणत्याही पायरीमुळे नाही. रात्री कूस बदलताना होणारा त्रास उत्तमातला उत्तम रॅम्प बांधूनही जाणार नाही. सगळे दुःख समाजाच्या माथी मारणारी मांडणी मला पटत नाही, कारण तिच्यात माझ्या शरीराला जागाच उरत नाही. शरीराचे दुखणे डॉक्टरकडे घेऊन जावे आणि पायरीचे दुखणे पायरी बांधणाऱ्याकडे. आजवर दोन्ही दुखणी घेऊन मला डॉक्टरकडेच पाठवले गेले आहे.

बुधवार

आज भुयारी मेट्रोने प्रवास केला. आरेपासून कफ परेडपर्यंतची ही तिसरी मार्गिका 2024 च्या ऑक्टोबरात अंशतः सुरू झाली, 2025 च्या मेमध्ये दादरमार्गे वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पूर्ण झाली. रस्त्यावरून लिफ्टने खाली, रुंद फाटकातून आत, पुन्हा लिफ्टने फलाटावर. फलाटाच्या कडेला काचेची दारे आहेत, ती गाडीच्या दारांबरोबरच उघडतात, आणि डब्याचा तळ फलाटाच्या पातळीत असतो. मी माझ्या हातांनी चाके फिरवून आत गेले. भाची मागे उभी होती, तिचे हात खिशात होते. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घातले. कोणी सरसावले नाही, कोणी हळहळले नाही, कोणी माझ्या हिमतीचे कौतुक केले नाही. दादर ते सीएसएमटी एवढ्या अंतरात मी इतर प्रवाशांसारखी एक प्रवासी होते आणि मला फार बरे वाटले.

वर रस्त्यावर आल्यावर चित्र पालटले. दक्षिण मुंबईतल्या ज्या पदपथावर आम्हाला जायचे होते, त्याच्या तोंडाशी चकाकणाऱ्या स्टीलचे खांब रोवलेले होते. मोटरसायकली पदपथावर चढू नयेत म्हणून ते लावले जातात, आणि हेतू योग्यच आहे. पायी चालणाऱ्यांना दुचाकींचा खरोखर उपद्रव होतो. भाचीने दोन खांबांमधले अंतर मोजले, ते 55 सेंटिमीटर होते. माझी खुर्ची 66. नवी अरुंद खुर्ची आली तरी ती येथून जाणार नाही. पदपथाच्या कडेला उतार होता, त्यावर पिवळ्या खुणेच्या फरशाही होत्या. म्हणजे कोणीतरी माझा विचार करून उतार केला आणि दुसऱ्या कोणीतरी मोटरसायकलचा विचार करून मला अडवले. दोघांनी एकमेकांशी एकदा बोलण्याची गरज होती. 2023 मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराने पाठवलेल्या ई-मेलवरून मुंबई उच्च न्यायालयाने याच खांबांची स्वतःहून दखल घेतली होती आणि त्यातून जनहित याचिका उभी राहिली. आम्ही मात्र आज रस्त्याच्या कडेने, गाड्यांच्या मधून गेलो.

फोर्टात एक जुना विद्यार्थी भेटला. मी ग्रंथपाल असलेल्या आमच्या महाविद्यालयात तो शिकला. पूर्ण अंध आहे आणि आता एका बँकेत अधिकारी आहे. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली तो सेंट झेविअर्स महाविद्यालयातल्या दृष्टिहीनांच्या संसाधन केंद्रात शिकला. ते केंद्र 2003 पासून काम करते आहे. आम्ही तिघे मिळून पदपथावरून जाऊ लागलो तेव्हा मला एक नवी गोष्ट समजली. "मॅडम, तुम्हाला हवा असलेला सपाट उतार माझ्यासाठी धोक्याचा असतो," असे तो म्हणाला. पदपथ कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो हे त्याला कडेच्या उंचवट्यावरून कळते. उंचवटा गेला की ती खूणही गेली. म्हणून उतार जिथे रस्त्याला मिळतो तिथे ठिपक्यांच्या फरशा बसवायच्या असतात. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे सरळ चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. त्याच्या बुटाच्या तळव्याला हा फरक बरोबर समजतो. आमच्या वाटेवर एके ठिकाणी पट्ट्यांची ओळ सरळ विजेच्या खांबावर जाऊन आदळली होती, आणि एके ठिकाणी दुरुस्तीनंतर फरशा उलटसुलट बसवल्यामुळे ठिपके ऐन मध्यावर आले होते. त्याने काठीने दोनदा चाचपले, थांबला, आणि मला विचारले, "इथे काय आहे?" काहीच नव्हते. ज्याने त्या फरशा बसवल्या त्याला त्या शोभेच्या वाटल्या असाव्यात. ती लिपी आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

चहा घेताना त्याने खिशातून 100 आणि 200 च्या नोटा काढून टेबलावर एकावर एक ठेवल्या. नव्या मालिकेत दोन्हींची रुंदी 66 मिलिमीटर आहे. लांबी एकीची 142, दुसरीची 146. आकारावरून नोट ओळखायची तर त्याने भर गर्दीत, रिक्षावाल्यासमोर, चार मिलिमीटरांचा फरक हेरावा अशी अपेक्षा आहे. वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या 1952 पासूनच्या संस्थेने नोटांचा प्रश्न उच्च न्यायालयात नेला होता. रिझर्व्ह बँकेने 2020 च्या आरंभी नोट ओळखून बोलणारे "मणी" हे अ‍ॅप आणले, ते तो वापरतो. "पण मोबाइल काढून नोट त्याच्यासमोर धरेपर्यंत मागचा माणूस घाई करतो. नोटच बोटांना कळली असती तर कुणाला थांबावं लागलं नसतं," हे त्याचे म्हणणे मला पुरेपूर पटले. नोट छापताना न केलेले काम त्याच्या खिशात येऊन पडले आहे, आणि ते तो रोज करतो.

गुरुवार

भाचीची एक मैत्रीण उपनगरात राहते, तिच्याकडे जेवायला जायचे होते. मेट्रो तिथे जात नाही, म्हणून लोकल घेतली. फलाटावर दिव्यांगांच्या डब्याची जागा चिन्हाने दाखवलेली होती. फलाट आणि डबा यांतली फट या शहराने मोठी किंमत देऊन ओळखली आहे. 2014 च्या जानेवारीत घाटकोपरला एका महाविद्यालयीन मुलीने फटीत पडून दोन्ही हात गमावले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि त्यानंतर फलाट 900 मिलिमीटरच्या आसपास उंच करण्याचे काम वेगाने झाले. त्या उंच फलाटांचा मला आज फायदा झाला. फट उरलीच होती, पण दोघांनी खुर्चीची पुढची चाके नुसती अलगद उचलली तरी भागले.

डब्यात गर्दी होती. तिशीतला एक मुलगा खिडकीजवळ बसला होता, त्याला एका माणसाने मोठ्या आवाजात विचारले, "तुला काय झालंय? धडधाकट दिसतोस." मुलाने टोपी काढली. डोक्यावर केस नव्हते. या डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवासाची मुभा आहे आणि तो परळहून उपचार घेऊन परतत होता. विचारणारा माणूस ओशाळला, जागा सोडून दाराकडे गेला. मला मात्र त्या मुलाचे टोपी काढणे दिवसभर बोचत राहिले. आपल्या सवलतीचा पुरावा म्हणून अनोळखी माणसांसमोर शरीर उघडे करून दाखवावे लागणे, हे अपंगत्वाच्या अनुभवातले सर्वांत कष्टाचे अंग आहे. माझी खुर्ची माझ्या वतीने बोलते, म्हणून मला तो प्रश्न येत नाही. ज्याला ऐकू येत नाही, ज्याला सिकलसेल किंवा हिमोफिलिया आहे, अशा माणसाचे दुखणे कायद्याच्या यादीत आहे पण डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्याकडे डोळ्यांना न दिसलेले दुखणे खोटे धरले जाते.

उतरायच्या स्थानकावर लिफ्ट बंद होती. दारावर दोरी बांधलेली, बाकी सूचना काही नाही. पुलावर जायला जिना एवढाच मार्ग. भाची काही बोलण्याआधीच माणसे जमली. मुंबईत हे फार लवकर घडते आणि मी ते मनापासून मानते. गर्दीच्या वेळी, स्वतःची गाडी चुकत असताना, चार अनोळखी माणसे थांबतात आणि बाह्या सरसावतात. एकाने हातावरची पिशवी भाचीकडे दिली, दुसऱ्याने मला "मावशी, घाबरू नका" असे सांगितले. मग त्यांनी खुर्ची धरली, आणि दोघांनी ती हातांपाशी, म्हणजे कोपर टेकायच्या दांड्यांपाशी धरली. बऱ्याच व्हीलचेअरचे हे हात काढता-घालता येतात. वजन पडले की ते उपसून हातात येतात आणि बसलेला माणूस पुढे किंवा बाजूला कलंडतो. पायांच्या पट्ट्याही तशाच सुट्या होणाऱ्या असतात. "हातांना नको, खालच्या फ्रेमला धरा, मागच्यांनी मुठी धरा, आणि मला मागे कलती ठेवा," हे वाक्य मी इतक्या वर्षांत पाठ करून ठेवले आहे, परंतु ते चौघांना एकाच वेळी ऐकू जाणे, तेही लोकलच्या आवाजात, कठीण असते. पहिल्या दहा पायऱ्यांपर्यंत उजवीकडचा हात अर्धा उपसला होता. मी जिन्याचा कठडा धरला आणि साडीचा पदर दातांत. मधल्या सपाटीवर त्यांनी मला खाली ठेवले, मी पुन्हा सांगितले, त्यांनी नीट ऐकून घेतले, पकड बदलली, आणि उरलेला जिना सुरळीत पार पडला. वर पोहोचल्यावर मी आभार मानायच्या आत तिघे पुढच्या गाडीसाठी धावत खाली गेलेही होते.

या माणसांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे आणि ती कमी करण्याचा माझा हेतू नाही. तरीही जे दिसते ते लिहिले पाहिजे. लिफ्ट बंद असते तेव्हा ती दुरुस्त करणाऱ्यावर ताण येत नाही, कारण मी अडकून पडत नाही. मला उचलले जाते. सोसायटीच्या सभेत रॅम्प मागे पडतो, कारण रखवालदार आणि किराणावाले दणकट आहेत. 2023 च्या ऑक्टोबरात व्हीलचेअर वापरणाऱ्या एका वधूला विवाहनोंदणीसाठी खारमधल्या कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले होते, कारण तिथे लिफ्ट नव्हती आणि कर्मचारी खाली आले नाहीत. ते प्रकरण गाजले, उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण त्या दिवशी उचलणारी माणसे मिळाली नसती तर लग्न नोंदवले गेले नसते, आणि मिळाली म्हणून ते नोंदवले गेले. दोन्ही वेळा कार्यालय दुसऱ्याच मजल्यावर राहिले असते. लोकांचा चांगुलपणा यंत्रणेच्या हयगयीची भरपाई करतो, आणि भरपाई होते म्हणून हयगय टिकते. ज्याला उचलले जाते त्याच्या मनाचा हिशेब कोणी मांडत नाही. आपण बाहेर पडलो तर चार जणांना त्रास, ही भावना एकदा रुजली की माणूस स्वतःच बाहेर पडणे सोडतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी "कुणाला सांगायचं गं" असेच म्हणाल्या होत्या.

जेवणाच्या घरी स्वच्छतागृहाचे दार 60 सेंटिमीटरचे निघाले. मी त्याची अपेक्षा धरूनच होते. प्रवासाच्या दिवशी मी सकाळचा चहा सोडते आणि दुपारपर्यंत पाणी जवळजवळ पीत नाही. माझ्यासारख्या ओळखीच्या सगळ्या बायका हेच करतात. त्यातून होणारे मूत्रमार्गाचे विकार मात्र पुढे आमच्या केसपेपरवर आमच्याच शरीराच्या नावे लिहिले जातात.

शुक्रवार

दिवसभर विश्रांती घेतली. संध्याकाळी नाटक.

तिकिटे आठवड्यापूर्वी काढली होती आणि काढतानाच व्हीलचेअर आहे असे फोनवर सांगितले होते. नाट्यगृहाच्या दारात रॅम्प आहे, तो चांगला आहे, त्यावरून मी एकटी वर आले. आतल्या दारावरच्या माणसाने तिकीट पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि भाचीला विचारले, "पेशंटला कुठे बसवायचं?" तिकीट माझ्या हातात होते. मी त्याला माझा आसनक्रमांक सांगितला. त्यावर तो पुन्हा भाचीकडे वळून म्हणाला, "त्यांना सीटवर उचलून बसवतो, खुर्ची बाहेर ठेवू." त्याच्या बोलण्यात आगाऊपणा अजिबात नव्हता. तो मदत करू पाहत होता आणि त्याला शिकवलेली मदत एवढीच होती.

मी नाही म्हटले. खुर्ची बाहेर गेली की मध्यंतरात मी जागची हलू शकत नाही, नाटक संपल्यावर सगळे गेल्याखेरीज निघू शकत नाही, आणि आग लागली तर काय, याचा विचार न केलेला बरा. वाटेत खुर्ची ठेवली तर इतरांचा रस्ता अडतो, म्हणून तेही योग्य नाही. दुसरी घंटा झाली होती. व्यवस्थापक आले. त्यांनीही सुरुवात भाचीपासून केली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "काका, आत्याशी बोला, नाटक तिला बघायचंय, मी नुसती सोबत आलेय." ते थोडे चपापले, मग माझ्याकडे वळले, आणि नंतरचे सगळे संभाषण दोन समंजस माणसांमध्ये होते तसे झाले. शेवटच्या रांगेच्या टोकाला एक मोकळा कोपरा होता, तिथे मी खुर्चीसह बसले. पुढच्या रांगेतला उंच गृहस्थ आपण होऊन बाजूच्या आसनावर सरकला. नाटक उत्तम झाले. मी पहिल्या प्रवेशानंतर खुर्ची, रॅम्प, सगळे विसरून गेले होते.

नाटक संपल्यावर व्यवस्थापक पुन्हा आले आणि नेमके काय करायला हवे, असे त्यांनी मला विचारले. भाचीने टेप काढली. एका व्हीलचेअरला साधारण 90 बाय 120 सेंटिमीटर सपाट जागा लागते आणि शेजारी सोबतीच्या माणसाचे आसन हवे. म्हणजे दाराजवळच्या रांगेतली दोन आसने काढली तर एक जागा तयार होते, आणि ती काढता-बसवता येण्याजोगी केली तर व्हीलचेअर नसेल त्या प्रयोगाला तिकिटे विकताही येतात. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले. आसने काढण्याचा अधिकार त्यांना नव्हता, तो नाट्यगृहाच्या मालकाचा होता, म्हणून तिथेच टेबलावर बसून मी अर्ज लिहिला.

अर्जात भावनेचे एकही वाक्य घातले नाही. 2016 च्या अधिनियमाने अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून 2017 मध्ये आले, मुदत जून 2022 मध्ये संपली. सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक म्हणून ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले आणि बंधनकारक निकष ठरवण्याचा आदेश सरकारला दिला. हे दोन मुद्दे, आसनांचे माप, स्वच्छतागृहाच्या दाराचे माप, आणि दारावरच्या कर्मचाऱ्यांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यावे अशी विनंती. प्रशिक्षणात पहिली गोष्ट ही शिकवावी की तिकीट ज्याच्या हातात असेल त्याच्याशी बोलायचे, असे मी खास लिहिले. व्यवस्थापकांनी अर्ज वाचला, "आवक"चा शिक्का मारून प्रत मला दिली, आणि पुढच्या महिन्यात फोन करून विचारा, असे सांगून स्वतःचा नंबर प्रतीच्या मागे लिहून दिला.